लांडग्याची हजेरी

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांमध्ये हल्ली एक तक्रार वरचेवर ऐकू येते. मुले कार्टून पाहतात ते पाहोत, पण त्यांना त्यातला नायक आवडेनासा झाला आहे. आवडतो तो खलनायक. झगा उडवीत, हात चोळीत, खदाखदा हसत 'मी दुष्ट आहे' असे जो स्वतःच्याच तोंडाने जाहीर करतो, त्याची नक्कल मुले आशीर्वाद संपतो न संपतो तोच बाकांच्या मधल्या वाटेत करू लागतात. दुष्टपणाची अशी थट्टा चालली तर पापाची भीती मुलांच्या मनात राहणार कशी, असे शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या गोष्टीची त्यांना धास्ती वाटते तिच्यात धास्तावण्यासारखे फारसे नाही, आणि जिथे सावध व्हायला हवे ते ठिकाण थोडे पुढे आहे, असे आम्हांस वाटते. तिथवर पोहोचण्यासाठी या खलनायकांची जरा जवळून ओळख करून घेतली पाहिजे.

सुरुवात एका लांडग्यापासून करू. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या कंपनीसाठी चक जोन्स या चित्रकार-दिग्दर्शकाने १९५३ साली एक लांडगा आणि एक मेंढरे राखणारा कुत्रा पडद्यावर आणला. पुढे त्यांची नावे राल्फ आणि सॅम अशी पक्की झाली, आणि १९६३ पर्यंत त्यांचे एकूण सात छोटे चित्रपट निघाले. रोडरनर नावाच्या पक्ष्यामागे आयुष्यभर धावणारा कोयोटी ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा लांडगा त्याचाच जुळा भाऊ वाटेल. ओळखायची खूण एवढीच की याचे नाक तांबडे आहे. कथा सगळ्यांची एकच. सकाळी दोघे जेवणाचा डबा घेऊन कामावर येतात. भेटताच एकमेकांची नावे घेऊन सुप्रभात करतात. कुरणाच्या कडेला गिरण्यांत असते तसे हजेरीचे घड्याळ आहे. त्यात दोघे आपापले कार्ड घालून हजेरी लावतात. भोंगा होतो, आणि मग लांडगा मेंढरू पळवण्याच्या नाना युक्त्या करतो व कुत्रा त्याला बदडून काढतो. १९६२ सालच्या चित्रपटात तर ऐन मारामारीत जेवणाची सुट्टी होते. दोघे हातातले काम आहे तिथे टाकून शेजारी बसून डबा खातात, आणि सुट्टी संपताच मारामारी जिथे थांबली होती तिथून पुढे चालू होते. संध्याकाळचा भोंगा झाला की कुत्र्याच्या मुठीतली लांडग्याची मान सुटते, पुन्हा कार्ड घड्याळात जाते, आणि उद्या भेटू असे म्हणून दोघे आपापल्या घरी जातात.

पाहून हसू येते, आणि ते का येते हे सांगणे अवघड नाही. लांडगेपणा हा इथे स्वभाव राहिलेला नाही, ती नोकरी झाली आहे. लांडग्याच्या मनात सॅमविषयी तिळमात्र द्वेष नाही. उद्या सॅमला ताप आला तर हा त्याच्या घरी समाचाराला जाईल अशी आमची खात्री आहे.

या जातीचा दुसरा मासला म्हणजे डिक डास्टर्डली. हॅना-बार्बेरा या कंपनीने १९६८ साली 'वॅकी रेसेस' नावाची मोटारींच्या शर्यतींची मालिका काढली. तीत एकंदर ३४ शर्यती झाल्या आणि लांब मिशांचा हा गृहस्थ त्यांपैकी एकही जिंकला नाही. खरे पाहता त्याची मोटार सर्वांत वेगवान असावी, कारण तो बहुतेक वेळा सर्वांच्या पुढे निघून जातो. तसाच पुढे गेला असता तर जिंकला असता. पण पुढे गेल्यावर तो मोटार थांबवतो, खाली उतरतो, आणि मागून येणाऱ्यांसाठी सापळा रचू लागतो. त्याच सापळ्यात शेवटी स्वतः अडकतो आणि त्याचा कुत्रा मटली तोंड दाबून खिखि करतो. शर्यत जिंकणे हे डास्टर्डलीचे ध्येयच नाही. लबाडी केल्यावाचून मिळालेले बक्षीस त्याच्या काय कामाचे?

अलीकडच्या मुलांना अधिक परिचित असेल तो डॉक्टर डूफेनश्मिर्ट्झ. डिस्नेच्या 'फिनियस अँड फर्ब' या मालिकेतले हे पात्र. मालिका २००७ साली सुरू झाली आणि २०१५ साली थांबली. २०२५ साली तिचे नवे भाग आले. या डॉक्टरला आपले राज्य स्थापायचे असते. त्यासाठी रोज एक नवे यंत्र. त्याचा प्रतिस्पर्धी पेरी नावाचा प्लॅटिपस, म्हणजे बदकाच्या चोचीचा, अंडी घालणारा तो ऑस्ट्रेलियातला प्राणी. तो गुप्तहेर आहे. पेरी आला की डॉक्टर त्याला आधी सापळ्यात पकडतो, मग आपला सगळा बेत सविस्तर सांगतो, बेताच्या मुळाशी असलेली आपल्या बालपणाची एखादी दुःखद हकीकत सांगतो, आणि तोवर पेरी सुटतो. यंत्राला बहुधा ते स्वतःच नष्ट करण्याची कळही बसवलेली असते. ही कळ कशाला, असे कोणीही विचारील. पण खलनायकाच्या यंत्राला अशी कळ असायचीच, हा रिवाज आहे, आणि डॉक्टर रिवाज मोडणारा माणूस नव्हे. एका भागात तो पेरीला सोडून दुसरा प्रतिस्पर्धी जवळ करतो. तेव्हा पेरी असा खिन्न होतो की जणू बालमित्रानेच त्याच्याकडे पाठ फिरवली.

या सर्वांना आपण हरणार हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्याला इतिहासही आहे. १९५४ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी टीकेला भिऊन स्वतःवर एक नियमावली घालून घेतली. प्रत्येक गोष्टीत चांगल्याचाच वाईटावर विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शासन झाले पाहिजे, असे तीत स्पष्ट कलम होते. शेवट असा आधीच ठरलेला असल्यावर खलनायकाने करावे काय? त्याच्यापुढे एकच वाट उरते. हरायचेच आहे तर थाटात हरावे. पुढच्या पिढीच्या लेखकांनी ही वाट धरली, आणि नियम गुपचूप पाळणाऱ्या खलनायकाच्या जागी नियम पाळतो आहोत हे प्रेक्षकाकडे पाहून सांगणारा खलनायक आला.

पण ही कल्पना केवळ अमेरिकेची किंवा केवळ या काळाची समजू नये. गोव्याकडील आणि तळकोकणातील आमच्या वाचकांनी दशावतारी खेळात संकासुर पाहिला असेल. वेद पळवणारा हा राक्षस. काळ्या वेशात येतो आणि आल्या आल्या मालवणीत असे काही बोलू लागतो की रात्र जागवायला आलेली मंडळी पोट धरून हसतात. आणि युरोपातील ख्रिस्ती मंडळीने तर हे सोंग उत्सवातच आणले होते. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरात सोळाव्या शतकापर्यंत कारागिरांचे संघ पवित्र शास्त्रातील कथांची नाटके गाड्यांवर उभी करून रस्त्यात दाखवीत. लोकरी कापडाचे कारागीर आणि शिंपी यांच्या वाट्याला येशूजन्माचे नाटक होते, आणि त्याची १५३४ सालची संहिता आपल्यापर्यंत पोहोचली आहे. तीत हेरोद राजासाठी सूचना अशी की त्याने गाडीवर तर थयथयाट करावाच, पण खाली उतरून रस्त्यातही करावा. म्हणजे हेरोद गर्दीत घुसून लोकांच्या अंगावर धावून जाई. मुले किंचाळत असतील, हसत असतील, पुन्हा जवळ जात असतील. आपल्या नाताळच्या नाटकात हेरोदाच्या कामासाठी मुलांची जी झटापट होते ती पाहणाऱ्याला त्या गर्दीची कल्पना सहज करता येईल. योसेफाला उभे राहण्यापलीकडे काम नसते; हेरोदाला दाढी असते, तलवार असते आणि ओरडायला मिळते.

त्याच नाटकात आणखी एक गोष्ट आहे. हेरोदाचे शिपाई येण्याआधी बेथलेहेमातील आया आपल्या तान्ह्या बाळांना थोपटीत एक अंगाई गातात. 'कॉव्हेंट्री कॅरल' या नावाने ती आजही जगभरच्या मंदिरांत नाताळात गायिली जाते. चाल इतकी मंद आणि उदास आहे की ती नाताळची आहे हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. थयथयाट करणाऱ्या राजाला हसणारे लोक, आणि त्याच गाडीवर, थोड्याच वेळाने, ही अंगाई. त्या शिंप्यांना ठाऊक होते की सोंगाला हसू द्यावे, पण कोणाचे मूल गेले हेही दाखवावे. या दोन गोष्टी त्यांनी एका नाटकात ठेवल्या याचे आम्हांला फार मोल वाटते, आणि पुढचे सारे लिहिताना ती अंगाई आमच्या कानात आहे.

आता तक्रारीकडे वळू. अशा खलनायकाला हसून मुलांचे काही बिघडते काय? आमच्या मते, फारसे नाही. चार वर्षांच्या मुलालाही सोंग आणि सच्चाई यांतला फरक कळतो. बाबा वाघ होऊन गुरगुरतात तेव्हा ते किंचाळते आणि लगेच 'पुन्हा' म्हणते. उलट या खलनायकांत एक गुण आहे, जो पुष्कळ सज्जनांत सापडत नाही. ते वाईटाला वाईट म्हणतात. डूफेनश्मिर्ट्झ आपल्या यंत्राला लोककल्याणाची योजना म्हणत नाही. डास्टर्डली आपल्या लबाडीला व्यवहारचातुर्य असे नाव देत नाही. गरसेकरांच्या प्रांतात प्रभूला पाहताच दुरात्म्यांनी त्याला ओळखले आणि तो कोण ते मोठ्याने सांगितले. गावकऱ्यांनी मात्र डुकरांच्या नुकसानीचा हिशेब करून त्याला निघून जाण्याची विनंती केली. वाईटाला स्वतःची ओळख पटलेली असणे ही काही तारणाची खूण नव्हे, याकोबाच्या पत्रात भुतांविषयी तेच म्हटले आहे. कबुली आहे, पश्चात्ताप नाही. तरीही कबुलीची भाषा ज्याच्या कानावरून गेली आहे त्या मुलाला पुढे पश्चात्तापाचा अर्थ समजावणे आम्हांला सोपे वाटते.

एक अडचण मात्र उरते. मुलाची समजूत अशी होऊ शकते की दुष्ट माणूस नेहमी झगा घालूनच येतो आणि येताना वाद्ये वाजतात. सैतान तेजस्वी दूताचे रूप घेतो असे पौलाने करिंथकरांस लिहिले, ते मंडळीतल्याच गोड बोलणाऱ्यांविषयी लिहिताना. सी. एस. लुइस यांनी १९४२ साली 'स्क्रूटेप'ची पत्रे प्रसिद्ध केली. तीत एक वडीलधारा सैतान आपल्या पुतण्याला कामाच्या सूचना देतो, अगदी एखाद्या खात्याचा वरिष्ठ अधिकारी देतो तशा. १९६१ सालच्या आवृत्तीला नवी प्रस्तावना लिहिताना लुइस यांनी सांगितले की आजचा मोठ्यात मोठा अपराध घाणेरड्या गुत्त्यांत ठरत नाही. तो ठरतो स्वच्छ, उबदार, गालिचे घातलेल्या कचेऱ्यांत, आवाज न चढवणाऱ्या, नखे नीट कापलेल्या माणसांकडून.

आणि इथे आम्हांला आमच्या लांडग्याची आठवण होऊन थोडे दचकायला होते. कारण हजेरीचे कार्ड त्याच्याही हातात आहे.

ज्या वर्षी ती प्रस्तावना निघाली त्याच वर्षी, १९६१ साली, जेरुसलेम येथे अ‍ॅडॉल्फ आइकमन याच्यावर खटला चालला. युरोपभरच्या यहूदी लोकांना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था या माणसाच्या खात्याकडे होती. काचेच्या पेटीत बसलेला, चष्मा लावलेला, कागद नीट लावून ठेवणारा हा मनुष्य खदाखदा हसत नव्हता. त्याचे म्हणणे एवढेच की मी हुकूम पाळले. मला कोणाचा द्वेष नव्हता, असेही तो म्हणाला. १९६२ साली त्याला फाशी झाली. लांडग्याच्या मनात द्वेष नाही म्हणून आपण हसलो होतो. तेच वाक्य या माणसाच्या तोंडी आल्यावर हसू कुठे जाते?

दोन्ही ठिकाणी माणूस आणि त्याचे काम यांची फारकत आहे. घरी चांगला, कामावर लांडगा. भोंगा झाला की हा, भोंगा झाला की तो. एवढ्या मोठ्या अपराधाचे उदाहरण घेतल्यामुळे हे आपल्यापासून दूर आहे असे कोणाला वाटेल, म्हणून जवळ येऊ. विधवेचा निवृत्तिवेतनाचा कागद एका सहीसाठी परत पाठवणारा कारकून दुष्ट नसतो. त्याला वरून तसे सांगितलेले असते. तो संध्याकाळी आपल्या मुलाला खांद्यावर घेतो, रविवारी मंदिरात सुरेल आवाजात गातो, आणि ती विधवा कदाचित त्याच्याच मागच्या बाकावर बसलेली असते. संस्थेच्या कमिटीत एखाद्याला कामावरून काढण्याचा ठराव येतो तेव्हा 'व्यक्तिशः मला वाईट वाटते, पण' असे म्हणून हात वर करणारे आपण सर्व जण आहोत. त्या 'पण'च्या अलीकडे राल्फ असतो आणि पलीकडे हजेरीचे घड्याळ.

मग राल्फच्या चित्रपटाला हसायचे की नाही? हसायचे. त्यात आणि या दुसऱ्या गोष्टींत एक भेद आहे, आणि तो लांडग्यात शोधून सापडणार नाही, कुत्र्यातही नाही. तो मेंढरांत सापडतो. त्या चित्रपटांतील मेंढरे मागे चरत असतात. ती कधी खाल्ली जात नाहीत. लांडग्याने एखादे काखेत मारले तरी दोन क्षणांत कुत्र्याची मूठ येणार हे आपल्याला ठाऊक असते, आणि बहुधा मेंढरालाही. मार खाणारा लांडगा आणि मार देणारा कुत्रा, दोघांनी या खेळाला संमती दिली आहे. तिसऱ्या कोणाला इजा नाही. म्हणून तो खेळ निष्पाप. ज्या क्षणी मेंढरू खरोखर मरते त्या क्षणी 'मी तर नेमून दिलेले काम करतो' हे वाक्य विनोदी राहत नाही, मग ते म्हणणारा कितीही सौम्य असो. दोन बाजूंनी आपसांत नियम ठरवले आणि प्रामाणिकपणे पाळले, एवढ्याने त्या नियमांना नीती म्हणता येत नाही. मेंढराला कोणी विचारले होते काय?

दुसरी एक गोष्ट आम्हांला याहून अधिक टोचते, आणि ती रविवारच्या शाळेच्या अधिक जवळची आहे. हे खलनायक खलनायक झाले कसे?

२०१० साली ड्रीमवर्क्स या कंपनीने 'मेगामाइंड' नावाचा चित्रपट काढला. नष्ट होणाऱ्या दोन ग्रहांवरून दोन अर्भके पृथ्वीकडे पाठवली जातात. एक श्रीमंताच्या घरी जाऊन पडते. दुसरे, निळ्या रंगाचे आणि मोठ्या डोक्याचे, तुरुंगाच्या आवारात पडते, आणि कैदी त्याला वाढवतात. पुढे दोघे एकाच शाळेत येतात. गोरा मुलगा उडतो, बलवान आहे, सर्वांचा लाडका. निळ्या मुलाला खेळात शेवटी घेतात. त्याने काही चांगले करू म्हटले तर त्याचा विचका होतो आणि त्याला कोपऱ्यात उभे करतात. कोपऱ्यात उभ्या उभ्या त्याच्या मनात येते की आपल्याला एकच गोष्ट नीट जमते, ती म्हणजे वाईट असणे. मग त्यातच नाव का काढू नये? पुढचा झगा, तो थाट, ती भाषणे, सगळे त्या कोपऱ्यातून निघालेले आहे.

डूफेनश्मिर्ट्झच्या हकीकती हसण्यासाठीच लिहिलेल्या आहेत, पण त्यांतली एक आम्हांला हसू देत नाही. त्याच्या वडिलांची बागेतली बुटक्याची मूर्ती सावकारीत जप्त होते. तेव्हा तिच्या जागी ते या पोराला रंगीत टोपी घालून रात्रभर उभे करतात. हलायचे नाही. मूर्तीने मूर्तीसारखे असावे. जो मुलगा असा उभा राहिला त्याला पुढे 'दुष्ट शास्त्रज्ञ' हे दुसरे सोंग मिळाले तेव्हा त्याने ते आनंदाने घेतले, यात नवल ते काय. यात निदान त्याला हलता तरी येत होते.

प्रत्येक वर्गात एक असा मुलगा असतो. वस्तू हरवली की सर्वांच्या माना त्याच्याकडे वळतात. मागच्या वर्षीच्या शिक्षिकेने या वर्षीच्या शिक्षिकेला त्याच्याविषयी आधीच सांगून ठेवलेले असते. 'याच्यापासून जपा.' नाताळच्या नाटकात हेरोदासाठी, उधळ्या पुत्राच्या नाटकात डुकरांच्या मालकासाठी, यहूदासाठी, त्याचेच नाव पुढे येते, आणि तोही हसत पुढे होतो. काम छान करतो. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या त्याला वर्षभरात मिळालेल्या बहुधा पहिल्याच. एकदा हेरोद झालेल्या मुलाला हेरोदाचे काम पुन्हा देण्यात गैर काय, तो करतोही चांगले, असे कोणी म्हणेल. गैर एकट्या नाटकात नाही. सोमवार ते शनिवार तो जे ऐकतो त्यावर रविवारीही शिक्का बसतो, हे गैर आहे. कार्टूनमधल्या खलनायकाला आपण सोंग घेतले आहे हे ठाऊक असते. या मुलाला ते ठाऊक नसण्याची वेळ केव्हा येते, ती सीमा कोणालाच दिसत नाही.

त्याच चित्रपटाचा उत्तरार्ध आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. मेगामाइंड आपल्या प्रतिस्पर्ध्याला अनपेक्षितपणे हरवतो. शहर त्याचे होते, आणि आठ दिवसांत तो कंटाळून जातो. अडवणारेच कोणी नसेल तर दुष्टपणा करायचा कोणासाठी? म्हणून तो नवा नायक तयार करायला निघतो. नायकाची शक्ती चुकून हॅल नावाच्या एका सामान्य कॅमेरावाल्याला मिळते. हॅल दुष्ट नाही. त्याच्याजवळ झगा नाही, भाषण नाही. त्याला एवढेच वाटते की मी चांगला आहे आणि म्हणून माझ्या मनात भरलेली मुलगी मला मिळाली पाहिजे. ती नाही म्हणते. मग तो मिळालेली शक्ती लुटालुटीला वापरू लागतो. ठरल्याप्रमाणे नायक-खलनायकाची लढाई करायला मेगामाइंड हजर होतो, तेव्हा हॅल नियम पाळत नाही. तो खरोखर मारू लागतो. खलनायक चकित होऊन पाहतच राहतो. ज्याने जन्मभर दुष्टपणाचा व्यवसाय केला त्याला खरा दुष्टपणा प्रथम भेटतो तो, स्वतःला सज्जन समजणाऱ्या आणि त्या सज्जनपणाची किंमत मागणाऱ्या माणसाच्या रूपाने.

दावीद राजाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे, पण ती बहुधा गल्याथापाशी थांबते. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला ती गोष्ट आपण मोठ्या वर्गासाठी राखून ठेवतो, आणि पुष्कळदा तिथेही टाळतो. नाथानाने राजाला एका श्रीमंताविषयी सांगितले, ज्याने पाहुण्यासाठी आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली. दावीद रागाने लाल झाला. खलनायक ओळखायला त्याला क्षणाचाही वेळ लागला नाही. स्वतःच्या जीवनातला तो मात्र त्याला महिनोन्‌महिने ओळखू आला नव्हता. उरियाच्या मृत्यूनंतर मधल्या काळात तो राज्य करीत होता, न्याय देत होता, आपल्या आसनावर स्वस्थ बसत होता. नाथानाने त्याच्यापुढे एखादा भयंकर राक्षस उभा केला नाही. त्याने मेंढी उभी केली. ती कोणाच्या ताटातले खात होती, कोणाच्या कुशीत निजत होती, एवढेच सांगितले.

शिक्षकांनी मुलांकडून मोबाइल काढून घ्यावेत काय, हा प्रश्न आईबापांचा आहे. तो आम्ही त्यांच्यावर सोडतो. पण वर्गात एखाद्या रविवारी राल्फ आणि सॅम यांचा चित्रपट मुलांना दाखवायला आमची हरकत नाही. सात मिनिटांत होतो. मुलांना पोटभर हसू द्यावे. मग लांडगा वाईट की चांगला, असे विचारू नये. त्याचे उत्तर मुले आपल्याला हवे तसे देतात, ती त्यात तरबेज असतात. त्याऐवजी पाटीवर किंवा कागदावर त्या दिवसाची हकीकत एका मेंढराने संध्याकाळी घरी जाऊन कशी सांगितली असती ते लिहायला सांगावे.

आणि नाताळच्या नाटकाची पात्रे ठरवायची वेळ पुन्हा येईलच. हेरोद ज्याला व्हायचे असेल त्याला होऊ द्यावे, दाढी मोठी लावावी, आणि मंदिराच्या मधल्या वाटेत खाली उतरून ओरडायलाही परवानगी द्यावी. वडीलमंडळींपैकी कोणी नाक मुरडलेच तर त्यांना कॉव्हेंट्रीच्या शिंप्यांची गोष्ट सांगता येईल. मात्र तो ओरडून पडद्याआड गेल्यावर नाटक लगेच मिसर देशाकडे नेऊ नये. बेथलेहेमच्या दोन-तीन आया पुढे आणाव्यात. बोलणे नको, चिंधीची बाळे आणि एखादी आपल्या घरची अंगाई पुरे. हे काम कोणालाच नको असते, त्यामुळे त्यासाठी बहुधा शिक्षिकांनाच उभे राहावे लागेल. गेल्या वर्षी हेरोद झालेला मुलगा या वर्षी मेंढपाळांत घालावा, आणि त्याच्या हातात, शक्य असेल तर, खरे कोकरू द्यावे. बेळगावकडे नाही तर मालवणात ते एका सकाळपुरते मागून आणणे कठीण नाही.